रिपब्लिकन पक्षातला कोणता नेता राष्ट्राध्यक्षपदासाठी खरंच तयार आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेची पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. तिथल्या घटनेच्या २२व्या दुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा या पदावर निवडून येता येत नाही. डोनाल्ड ट्रम्प २०१६ आणि २०२४ असे दोनदा निवडून आले, त्यामुळे रिपब्लिकन पक्षात बऱ्याच वर्षांनी मैदान मोकळं होतंय. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स की परराष्ट्रमंत्री रुबिओ, फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांना दुसरी संधी मिळेल का, गव्हर्नर बरा की सिनेटर, यावर वाद घालताना बहुतेक लोक भाषणं आणि जनमत चाचण्या पुढे करतात. उमेदवाराची तयारी मात्र सह्यांचे कागद, खर्चाचे अहवाल आणि डेलिगेटांच्या, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या, याद्या यांत दिसते. ती कशी वाचायची, ते इथे सांगितलं आहे. मत कोणाला द्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

‘रिपब्लिकन’ म्हणजे आपल्याकडचा रिपब्लिकन पक्ष का? आणि ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं?

नाही, दोघांचा संबंध नाही. आपल्याकडचा रिपब्लिकन पक्ष १९५७ चा, आंबेडकरी चळवळीतला. अमेरिकेतला १८५४ चा. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’साठी वर्तमानपत्रं ‘पुराणमतवादी’ हा शब्द वापरतात, पण तो अर्धाच बसतो. कमी कर आणि छोटं सरकार मागणारे, गर्भपाताला विरोध करणारे धार्मिक मतदार आणि लष्करी ताकदीचा आग्रह धरणारे, अशी तिथली जुनी तिपायी. ट्रम्प यांच्या काळात आयात शुल्क आणि स्थलांतरविरोध हे दोन नवे पाय आले आणि जुन्यांशी त्यांची खडाखडी अजून चालूच आहे. म्हणून ‘अमुक जास्त कॉन्झर्व्हेटिव्ह’ असं कोणी म्हणालं, तर आधी विचारावं : कोणत्या पायावर?

कायद्याने कोण उभं राहू शकतं?

वय किमान ३५, अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य आणि जन्माने नागरिकत्व, एवढ्या तीनच अटी. तिसरीच मोठी. बेळगावहून गेलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आले (ते डेमोक्रॅट आहेत), पण राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू शकत नाहीत. रिपब्लिकन गव्हर्नर झालेले अर्नोल्ड श्वार्झनेगरही याच अटीत अडकले. निकी हेली, बॉबी जिंदाल आणि विवेक रामस्वामी या रिपब्लिकन नेत्यांचे आईवडील भारतातून गेले असले तरी या तिघांचा जन्म अमेरिकेतला, त्यामुळे त्यांना अडचण नाही. टेक्ससचे सिनेटर टेड क्रूझ यांचा जन्म कॅनडातल्या कॅल्गरीचा, पण आई अमेरिकन नागरिक. २०१६ मध्ये त्यांच्यावर खटले गुदरले गेले, तरी नाव कुठल्याही राज्याच्या मतपत्रिकेवरून उतरलं नाही.

पक्षाचं तिकीट देतं कोण?

कोणीच नाही. हायकमांड नाही, एबी फॉर्म नाही. राज्याराज्यांत प्रायमरी (पक्षांतर्गत मतदान) किंवा कॉकस (एकत्र जमून केलेलं मतदान) होतात, त्यांतून डेलिगेट मिळतात आणि पक्षाच्या अधिवेशनात निम्म्याहून अधिक डेलिगेट ज्याच्याकडे, तो उमेदवार. २०२४ मध्ये रिपब्लिकन डेलिगेट २,४२९ होते, म्हणजे १,२१५ ला खेळ संपत होता. २०२८ चं अधिवेशन ह्यूस्टनला आहे.

डेलिगेट कसे ठरतात हे कॅलिफोर्नियावरून पटकन समजतं. प्रत्येक राज्याला सरसकट १०, काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघामागे ३ आणि राष्ट्रीय समितीच्या सदस्यांचे ३. कॅलिफोर्नियात मतदारसंघ ५२, म्हणून १० + १५६ + ३ = १६९. राज्यात पक्षाचा गव्हर्नर, सिनेटर वगैरे असतील तर वर बोनस मिळतो. कॅलिफोर्निया डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे बोनस शून्य, तरीही डेलिगेट सगळ्यात जास्त तिथेच. रिपब्लिकन उमेदवार जिथे नोव्हेंबरमध्ये हरणार हे नक्की, तेच राज्य उमेदवारी ठरवताना सर्वांत जड असतं.

वाटप राज्यागणिक बदलतं. आयोवात अगदी प्रमाणात : २०२४ मध्ये तिथल्या ४० पैकी ट्रम्प २०, डिसँटिस ९, हेली ८, रामस्वामी ३. कॅलिफोर्नियात ५० टक्क्यांच्या वर गेलात की सगळे १६९ तुमचे. २०२४ च्या नियमांत १५ मार्चच्या आधी ‘पहिला येईल तो सगळे नेईल’ अशी पद्धत चालत नव्हती, पण ५० टक्क्यांची ही पळवाट होती आणि आघाडीवरच्या उमेदवाराला ती सोयीची पडली. नियम दर वेळी राष्ट्रीय समिती ठरवते आणि राज्यं त्यात आपापली भर घालतात. ज्याच्या टीममध्ये हे वाटप तोंडपाठ असलेला माणूस नाही, तो उमेदवार तयार नाही असं बेधडक समजावं.

एखादा नेता ‘उभा राहतोय’ हे अधिकृत कधी होतं?

भाषणाने नाही, ५,००० डॉलरने. निवडणुकीसाठी जमवलेला किंवा खर्चलेला पैसा ५,००० डॉलरच्या वर गेला की तो माणूस कायद्याने उमेदवार होतो. मग १५ दिवसांत एफईसीकडे, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाकडे, फॉर्म २ भरायचा. त्यानंतर १० दिवसांत प्रचार समितीचा फॉर्म १ जातो. त्यात खजिनदाराचं नाव लागतंच. खजिनदाराशिवाय समितीला एक डॉलर घेता येत नाही की देता येत नाही. उमेदवार झाल्यापासून ३० दिवसांत स्वतःच्या मालमत्तेचं विवरणही द्यावं लागतं, मुदतवाढ मिळू शकते.

त्याआधीच्या काळाला ‘पाणी जोखणं’ म्हणतात. चाचण्या घ्या, फिरा, लोकांना भेटा, नोंदणी नको. पण देणगीच्या मर्यादा तेव्हाही लागू असतात आणि पुढे उमेदवार झालात तर तो सगळा हिशेब पहिल्या अहवालात दाखवावा लागतो. ‘मी उमेदवार आहे’ असं जाहीर बोललात किंवा जोखण्यापुरत्या पैशापेक्षा कितीतरी जास्त जमवलात, की हा बुरखा गळतो.

पैसा किती लागतो? सुपर पॅक पाठीशी असेल तर काळजी कसली?

काळजी बरीच. पैसा दोन खिशांत असतो आणि दोन्ही खिशांची किंमत सारखी नसते.

पहिला खिसा उमेदवाराच्या स्वतःच्या समितीचा. २०२५-२६ साठी एका व्यक्तीची मर्यादा ३,५०० डॉलर प्राथमिक फेरीसाठी आणि ३,५०० मुख्य निवडणुकीसाठी अशी आहे. दर विषम वर्षी ती महागाईनुसार बदलते. सगळ्या राज्यांच्या प्रायमरी मिळून एकच निवडणूक धरतात. दुसरा खिसा सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्या पण त्याच्यापासून स्वतंत्र समितीचा. २०१० पासून तिथे देणगीला मर्यादा नाही, मात्र उमेदवाराशी ठरवून खर्च करायला बंदी आहे. (दारोदार प्रचाराच्या बाबतीत एफईसीने २०२४ मध्ये ही बंदी बरीच सैल केली.)

आता खाचखळगा. प्रायमरीच्या आधीचे ४५ दिवस टीव्ही केंद्राने उमेदवाराला त्याच्याकडच्या सर्वांत कमी दराने जाहिरात द्यावी, असा कायदा आहे. सुपर पॅकला ही सवलत नाही. त्यांना केंद्र म्हणेल तो भाव, आणि गर्दीच्या आठवड्यात तो काही पट चढतो. म्हणून समितीकडचा एक डॉलर पॅकच्या एका डॉलरपेक्षा जास्त सेकंद विकत घेतो.

जेब बुश यांचं २०१६ चं उदाहरण म्हणून तर वारंवार दिलं जातं. औपचारिक घोषणा त्यांनी १५ जून २०१५ पर्यंत लांबवली, कारण तोवर पॅकसाठी मोकळेपणाने पैसा जमवता येत होता. ‘राइट टू राइज’ या पॅकने सहा महिन्यांत १० कोटी डॉलरच्या वर जमवले. हाती लागले चार डेलिगेट. डिसँटिस यांनी २०२४ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं : दारोदार प्रचारासकट जमिनीवरचं बहुतेक काम ‘नेव्हर बॅक डाउन’ या पॅककडे सोपवलं. राज्यातल्या जुन्या समितीतून ८ कोटींहून जास्त डॉलर तिथे गेले. पण पॅकचे लोक काय करतायत हे उमेदवाराने विचारायचं नाही, हा कायदा. चूक दिसली तरी फोन उचलून दुरुस्त करता येत नव्हती. शेवटी पॅकच्या वरिष्ठांची आपसात जुंपली आणि आयोवाच्या तोंडावर एकेक जण बाहेर पडला. पॅकने जाहिरात घ्यावी, माणसं मात्र समितीच्या पगारावर हवीत.

खर्चाचा अहवाल कसा वाचायचा?

तिमाही अहवाल १५ एप्रिल, १५ जुलै आणि १५ ऑक्टोबरला येतात, वर्षअखेरचा ३१ जानेवारीला. निवडणुकीच्या वर्षात मोठ्या प्रचारांना दर महिन्याला द्यावा लागतो. एफईसीच्या संकेतस्थळावर ते कोणालाही फुकट बघता येतात. ‘एकूण जमा’ हा बातम्यांचा आकडा सोडून द्या आणि या चार गोष्टी बघा.

एक, खर्च भागिले जमा. सुरुवातीच्या तिमाहीत हे गुणोत्तर निम्म्याच्या वर गेलं तर कान टवकारावेत. दोन, शिल्लक रकमेतला मुख्य निवडणुकीसाठीचा भाग. तो प्रायमरीत वापरता येत नाही आणि उमेदवारी हुकली तर परत करावा लागतो. २०२३ च्या जुलैत डिसँटिस यांच्याकडे सुमारे १.२ कोटी शिल्लक दिसली, त्यातले ३० लाख असे अडकलेले होते. तीन, २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांचा वाटा. ज्यांनी एका फटक्यात मर्यादा गाठली त्यांच्याकडे पुन्हा जाता येत नाही. वीस डॉलर देणाऱ्याकडे दर महिन्याला जाता येतं. चार, पैसा जमवायला किती पैसा लागला. बेन कार्सन यांनी २०१५ मध्ये टपाल आणि फोनवरून प्रचंड देणग्या जमवल्या, पण त्यातला मोठा भाग पुढच्या देणग्या मागण्यातच जिरला.

पगारपत्रकावरही नजर टाका. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर १३ जुलै २०१५ ला उतरले. आघाडीवरचे मानले जात होते, म्हणून यंत्रणाही आघाडीवरच्यासारखी मोठी उभारली. डिबेटमध्ये फिके पडले, देणग्या आटल्या, पगार मात्र थांबत नाहीत. २१ सप्टेंबरला माघार : सत्तर दिवसांत सगळं आटोपलं. पॅकमध्ये तेव्हाही कोट्यवधी पडून होते, पण पॅकला पगार देता येत नाही.

मतपत्रिकेवर नाव आणणं म्हणजे एक अर्ज भरणंच ना?

न्यू हॅम्पशायरमध्ये जवळपास तसंच : १,००० डॉलर भरा, काम झालं. साउथ कॅरोलायनात पक्षाने २०२४ साठी ५०,००० डॉलर घेतले. इंडियानात प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून ५०० सह्या लागतात, म्हणजे एकूण ४,५००, आणि त्यासुद्धा कडाक्याच्या थंडीत.

सर्वांत गाजलेली फजिती व्हर्जिनियाची. २०१२ च्या प्रायमरीसाठी तिथे १०,००० वैध सह्या हव्या होत्या आणि त्यांत ११ मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. मुदत २२ डिसेंबर २०११. न्यूट गिंग्रिच यांनी ११ हजारांच्या आसपास सह्या दिल्या, म्हणजे राखीव साठा जेमतेम दहा टक्के. त्यांच्या एका कामगाराने सुमारे दीड हजार सह्या बनावट ठोकल्या होत्या, त्या छाटल्यावर नाव बाद. गिंग्रिच स्वतः व्हर्जिनियातच राहत होते! टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरीही अडकले, कोर्टात गेले, तर उशीर केला म्हणून परत पाठवले गेले. मतपत्रिकेवर उरले रॉम्नी आणि रॉन पॉल. पुढे राज्याने अट ५,००० आणि प्रत्येकी २०० वर आणली.

धडा साधा आहे. अटीच्या दीड ते दुप्पट सह्या गोळा करायच्या. बाद होणाऱ्या सह्यांची कारणं ठरलेली असतात : मतदार नोंदणीच नाही, पत्ता जुना, मतदारसंघ चुकीच्या कागदावर, तीच व्यक्ती दोनदा, सही गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र अपुरं. दर आठवड्याला गठ्ठा मतदारयादीशी ताडून पाहिला, तर कोणता मतदारसंघ मागे आहे हे महिनाभर आधी कळतं. शेवटच्या दिवशी मोजायला बसलं की गिंग्रिच होतो.

नेवाडातला पेच आणखी वेगळा. २०२४ मध्ये राज्य सरकारने प्रायमरी घेतली आणि दोनच दिवसांनी पक्षाने कॉकस घेतला. डेलिगेट फक्त कॉकसमध्ये, शुल्क ५५,००० डॉलर, आणि प्रायमरीत नाव दिलंत तर कॉकस बंद. ट्रम्प कॉकसमध्ये गेले, सगळे २६ डेलिगेट घेऊन आले. हेली प्रायमरीत गेल्या. तिथे ट्रम्प यांचं नावच नव्हतं, तरी ‘यांपैकी कोणी नाही’ या पर्यायाला सुमारे ६३ टक्के आणि हेलींना ३० टक्के मिळाले. नोटाकडून हरणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

डेलिगेट म्हणजे नुसता आकडा, की माणसंही?

माणसं, आणि ती आधी शोधावी लागतात. इलिनॉयमध्ये मतदार थेट डेलिगेटच्या नावापुढे खूण करतात, बाजूला तो कोणत्या उमेदवाराचा ते छापलेलं असतं. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याच गटातल्या परदेशी वाटणाऱ्या नावांच्या डेलिगेटांना शेजारच्या नावांपेक्षा कमी मतं पडली आणि काही जागा त्यामुळेच गेल्या. डेलिगेट व्हायची इच्छा असलेल्या जोशी-पाटलांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. त्याच वर्षी कोलोरॅडोत जनतेचं मतदानच नव्हतं, जिल्हा आणि राज्य मेळाव्यांतून डेलिगेट निवडले गेले. क्रूझ यांच्या लोकांनी महिनोनमहिने त्या मेळाव्यांना माणसं पाठवली होती. निवडून द्यायचे सगळे ३४ त्यांना गेले.

आयोवाच्या ९९ काउंट्या पालथ्या घातल्या की जिंकता येतं का?

रिक सँटोरम यांनी २०१२ मध्ये तसं केलं आणि ३४ मतांनी जिंकले, तेव्हापासून हा मंत्र झाला. डिसँटिस यांनीही २०२३ मध्ये ९९ पूर्ण केल्या. १५ जानेवारी २०२४ ला हाडं गोठवणाऱ्या थंडीत ट्रम्प यांना ५१ टक्के, डिसँटिस यांना २१. नव्व्याण्णवपैकी ९८ काउंट्या ट्रम्प यांच्या. उरलेली जॉन्सन काउंटी हेलींनी एका मताने घेतली.

कॉकस संध्याकाळी ठरलेल्या वेळी सुरू होतो. सुमारे १,६५० ठिकाणी लोक शाळेत, चर्चमध्ये जमतात, प्रत्येक उमेदवारातर्फे कोणीतरी दोन मिनिटं बोलतं आणि मग कागदावर गुप्त मत. बोलायला आपला माणूस उभाच नसेल, तर त्या खोलीत तुम्ही नाहीतच. ट्रम्प यांच्या टीमने कॉकसप्रमुख नेमून प्रत्येकाला दहा नवे लोक आणायचं काम दिलं होतं. उमेदवाराच्या दौऱ्यापेक्षा ही यादी महत्त्वाची. शिवाय आयोवा जिंकणं म्हणजे उमेदवारी नव्हे : हकाबी, सँटोरम, क्रूझ तिघेही जिंकले आणि तिघेही पुढे हरले. साउथ कॅरोलायना त्या मानाने पक्की. १९८० पासून तिथला विजेताच पक्षाचा उमेदवार झाला आहे, अपवाद एकच, २०१२ चे गिंग्रिच.

डिबेटमध्ये चमकला तो तयार, असं म्हणता येईल?

आधी मंचावर पोचावं लागतं. २०२३ मध्ये पहिल्या डिबेटसाठी ४०,००० वेगवेगळे देणगीदार, त्यांत २० राज्यांतून प्रत्येकी किमान २००, शिवाय चाचण्यांत १ टक्का. चौथ्यापर्यंत हेच ८०,००० आणि ६ टक्के झालं. नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊन आकडा गाठला. नियमात बसलं, पण त्या देणगीदारांतून मतदार झाले नाहीत. आणि ट्रम्प चारपैकी एकाही डिबेटला गेले नाहीत, तरी जिंकले.

डिबेटमधून जिंकता येईल की नाही हे नक्की नसतं, हरता मात्र नक्की येतं. ६ फेब्रुवारी २०१६, मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर. आयोवात तिसरे आलेले मार्को रुबिओ तेव्हा वर चढत होते. ख्रिस ख्रिस्ती यांनी मंचावरच टोकलं की हे महाशय पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण म्हणतात. उत्तर देताना रुबिओंनी ओबामांबद्दलचं तेच वाक्य जवळपास शब्दशः पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. तीन दिवसांनी तिथल्या प्रायमरीत रुबिओ पाचवे आले. गंमत म्हणजे ख्रिस्ती सहावे आले आणि त्यांनी शर्यत सोडली. सरावात प्रश्नांची उत्तरं घोटून घेणं पुरत नाही. उत्तर मध्येच तोडणारा माणूस समोर बसवून सराव करावा लागतो.

आत्ताच्या जनमत चाचण्यांचं काय?

वर्षभर आधीच्या चाचणीत नावाची ओळख मोजली जाते. २००७ भर जुलियानी पुढे होते, २०११ च्या ऑक्टोबरात हर्मन केन, २०१५ च्या नोव्हेंबरात काही चाचण्यांत कार्सन. तिघांपैकी एकालाही उमेदवारी मिळाली नाही.

गव्हर्नर जास्त तयार की सिनेटर?

गव्हर्नरकडे दाखवायला कारभार असतो, सिनेटरकडे परराष्ट्र धोरण आणि मतांची नोंद. पद असताना उभा राहिलेला आणि जिंकलेला शेवटचा रिपब्लिकन गव्हर्नर २००० चे जॉर्ज डब्ल्यू. बुश. सिनेटमधून थेट व्हाइट हाउसमध्ये गेलेला रिपब्लिकन शोधायचा तर १९२० च्या हार्डिंगपर्यंत मागे जावं लागतं. आमच्या मते पदाच्या नावापेक्षा मुदत कधी संपते हे बघावं. काही राज्यांत एकाच वेळी दोन पदांसाठी नाव देता येत नाही. केंटकीत सिनेटर रँड पॉल यांना २०१६ मध्ये यावर उपाय म्हणून पक्षाला प्रायमरीऐवजी कॉकस घ्यायला लावावा लागला, खर्चाचा भारही उचलावा लागला, आणि कॉकसच्या आधीच ते शर्यतीतून बाहेर पडले. फ्लोरिडाने २०२३ मध्ये दुसऱ्या पदासाठी उभं राहताना आधीच्या पदाचा राजीनामा द्यायला लावणारा कायदा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांपुरता शिथिल केला, तो नेमका डिसँटिस यांच्या कामी आला.

मग २०२८ साठी कोण कितपत तयार?

जे. डी. व्हान्स : ओहायोचे सिनेटर म्हणून दोन वर्षं, २० जानेवारी २०२५ पासून उपराष्ट्राध्यक्ष. मार्च २०२५ पासून पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अर्थप्रमुखही. पदावर असताना हे काम करणारे ते पहिलेच उपराष्ट्राध्यक्ष. देणगीदारांची वही हातात असणं ही मोठीच तयारी. कच्चा दुवा असा की स्वतःच्या बळावरची निवडणूक त्यांनी एकदाच लढवली. २०२२ च्या प्रायमरीत ३२ टक्के, तेही ट्रम्प यांचा पाठिंबा आणि उद्योगपती पीटर थील यांचे दीड कोटी डॉलर पाठीशी असताना. नोव्हेंबरमध्ये सहा टक्क्यांनी विजय, तर त्याच दिवशी त्याच राज्यात त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर डिवाइन सुमारे पंचवीस टक्क्यांनी जिंकले.

आणि उपराष्ट्राध्यक्षपद म्हणजे उमेदवारी खिशात, असंही नाही. थोरले बुश १९८८ मध्ये जिंकले, पण त्याआधी पदावरचा उपराष्ट्राध्यक्ष थेट निवडून आल्याला १८३६ नंतर दीडशे वर्षं उलटली होती. बुशसुद्धा आयोवात तिसरे आले आणि न्यू हॅम्पशायरमध्ये गव्हर्नर सुनुनू यांच्या यंत्रणेमुळे सावरले. माइक पेन्स तर २०२३ च्या ऑक्टोबरातच बाहेर पडले, एकही मत पडायच्या आधी.

मार्को रुबिओ : सिनेटने परराष्ट्रमंत्री म्हणून ९९-० ने मान्यता दिलेले. देशपातळीवरचा प्रचार एकदा करून झालेला आहे, चुकाही करून झाल्या आहेत. पण परराष्ट्रमंत्र्याने देशांतर्गत राजकारणापासून लांब राहायचा रिवाज आहे, त्यामुळे पदावर असेपर्यंत ना निधी, ना यंत्रणा. २०१६ मध्ये स्वतःच्या फ्लोरिडात ते ट्रम्प यांच्याकडून मोठ्या फरकाने हरले, हे विरोधक विसरणार नाहीत. हेलींचंही तेच : २०२४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन डीसी आणि व्हरमाँट घेतलं, पण घरच्या साउथ कॅरोलायनात सुमारे वीस टक्क्यांनी मागे पडल्या.

टेड क्रूझ : सिनेटची मुदत २०३१ पर्यंत, त्यामुळे हरले तरी खुर्ची शाबूत. २०१६ मध्ये आयोवा आणि टेक्सस जिंकले, डेलिगेटांचं गणित त्यांच्याइतकं फार थोड्यांना येतं. कागदावरची तयारी सर्वांत पक्की आम्हाला त्यांचीच वाटते. मतदारांना ते आवडतात का, हा वेगळा विषय.

ब्रायन केम्प : ट्रम्प यांनी उघड विरोध करूनही २०२२ ची जॉर्जियातली गव्हर्नरपदाची प्रायमरी त्यांनी पन्नासहून जास्त टक्क्यांच्या फरकाने मारली.  देशपातळीवरची यंत्रणा मात्र शून्यातून उभारावी लागेल. ग्लेन यंगकिन यांच्याकडे स्वतःचा पैसा आहे, पण व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसरी मुदत मिळत नाही, त्यामुळे जानेवारी २०२६ पासून पद नाही. डिसँटिस यांची मुदत जानेवारी २०२७ ला संपते. २०२२ चा १९ टक्क्यांचा विजय अजून बोलका आहे. यंत्रणा पॅककडे देण्याची चूक ते पुन्हा करतात का, एवढंच त्यांच्या बाबतीत पाहायचं.

मी एच-१बी वर आहे. आवडत्या उमेदवाराला देणगी देऊ शकतो का?

नाही. परदेशी नागरिकाला केंद्र, राज्य, स्थानिक, कुठल्याच निवडणुकीत देणगी देता येत नाही. एच-४ वरची पत्नी किंवा पती, एफ-१ वरची मुलं, भेटीला आलेले आईबाबा, सगळ्यांना हेच लागू. लोक हमखास फसतात ते टोपीत : प्रचाराच्या दुकानातून ३० डॉलरची टोपी घेतली तर तीही देणगीच. सभेच्या जेवणाचं तिकीटही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं चालतं, मात्र प्रचाराच्या किंवा खर्चाच्या निर्णयात भाग घ्यायचा नाही.

ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मतदान नाही. नवराबायको दोघांना आपापली पूर्ण मर्यादा आहे, एकाचीच कमाई असली तरी. रोख १०० डॉलरपेक्षा जास्त नको. एकूण २०० च्या वर गेलात की नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक कंपनी सार्वजनिक नोंदीत दिसतं. 

नागरिक झालोय. रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येईल?

राज्यावर अवलंबून. टेक्ससमध्ये पक्षनोंदणीच नाही, त्या दिवशी हवी ती मतपत्रिका मागा. कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीसाठी आधी पक्षात नोंद हवी. ‘कोणताही पक्ष नाही’ असं लिहिलं असेल तर ती मतपत्रिका मिळत नाही. फ्लोरिडात २९ दिवस आधी नोंद झालेली असावी. न्यू जर्सीत अपक्ष नोंद असेल तर मतदानाच्या दिवशीही पक्ष निवडता येतो, पण तिथली प्रायमरी जूनमध्ये असते. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी १२ मार्चलाच बहुमत गाठलं होतं, एडिसनकरांनी जूनमध्ये नुसती औपचारिकता पार पाडली.

लक्ष कधीपासून ठेवावं?

नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकांनंतर लगेच. गेल्या वेळी ट्रम्प १५ नोव्हेंबर २०२२ ला, हेली १४ फेब्रुवारी २०२३ ला आणि डिसँटिस २४ मे ला उतरले होते. तसंच घडलं तर बहुतेकांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतील असा पहिला अहवाल १५ जुलै २०२७ चा असेल. त्याच सुमारास आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये कोणी किती माणसं पगारावर घेतली, हेही त्याच अहवालाच्या खर्चाच्या यादीत सापडेल.